चॉकलेटसोबत कोणती वाइन?

चॉकलेटसोबत वाइन निवडताना सर्वांत आधी गोडी पाहावी लागते. वाइन चॉकलेटइतकी किंवा त्याहून थोडी जास्त गोड असेल तर जोडी जमते. कमी गोड असेल तर दोन्हींची चव बिघडते. तरीही हॉटेलांच्या मेन्यूत, भेटवस्तूंच्या टोपल्यांत आणि फेब्रुवारीतल्या जाहिरातींत डार्क चॉकलेटशेजारी बहुतेक वेळा कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझसारखी ड्राय रेड वाइनच उभी असते. दिसायला ही जोडी देखणी आहे, पण तोंडात ती क्वचितच जमते. असे का होते हे समजायचे तर चॉकलेट आणि वाइन या दोन्ही पदार्थांत मुळात काय असते ते पाहायला हवे.

कोकोच्या फळातल्या बिया गरासकट केळीच्या पानांखाली किंवा लाकडी खोक्यांत पाच ते सात दिवस आंबवल्या जातात, उन्हात वाळवल्या जातात आणि मग भाजल्या जातात. भाजताना चॉकलेटचा ओळखीचा वास तयार होतो. बियांमधला कडवटपणा मुख्यतः थिओब्रोमीनचा, तर तुरटपणा पॉलिफेनॉल गटातल्या द्रव्यांचा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारे टॅनिनही याच गटातले. त्यामुळे कोको आणि रेड वाइन यांचे रासायनिक नाते खरे आहे. पण जोडी जमण्यासाठी हे नाते उपयोगी पडत नाही, उलट आड येते: एका तुरट पदार्थावर दुसरा तुरट पदार्थ आला की तुरटपणा दुणावतो.

वेष्टनावरचा टक्केवारीचा आकडाही अनेकांची दिशाभूल करतो. ‘७०%’ म्हणजे त्या वडीत कोकोचा घन भाग आणि कोको बटर मिळून ७० टक्के आहेत. उरलेला जवळजवळ सगळा भाग साखरेचा असतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या डार्क चॉकलेटमध्ये, कडू म्हणून खाल्ले जात असले तरी, जवळपास ३० ग्रॅम साखर असते. मिल्क चॉकलेटमध्ये साखर वाढून वडीच्या साधारण निम्म्यापर्यंत जाते. उलट युरोपीय नियमांनुसार सर्वसाधारणपणे ‘ड्राय’ वाइनमध्ये लिटरमागे ४ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसते. दहा ग्रॅमच्या एका तुकड्यात सुमारे ३ ग्रॅम साखर, आणि दीडशे मिलिलिटरच्या भरल्या ग्लासात एक ग्रॅमही नाही, असा हा विषम सामना आहे.

जिलेबी खाऊन लगेच चहाचा घोट घेतला की नेहमीचा गोड चहाही अगोड लागतो. वाइनचेही तसेच होते. जिभेला एकदा साखरेची सवय झाली की नंतर येणाऱ्या पेयातली गोडी आणि फळांचा स्वाद फिका पडतो, आणि आंबटपणा, कडवटपणा व तुरटपणा उघडा पडतो. ही गोष्ट कोणालाही स्वतः पडताळून पाहता येते. कॅबर्नेचा एक घोट आधी नुसता घ्यावा: काळ्या मनुकांचा, जांभळासारख्या गडद फळांचा स्वाद, थोडा तुरटपणा, बरा लांबलेला शेवट. मग ७० टक्क्यांच्या चॉकलेटचा तुकडा चावून न टाकता जिभेवर विरघळू द्यावा. तो तोंडात असतानाच त्याच वाइनचा दुसरा घोट घ्यावा. फळ कुठल्या कुठे नाहीसे होते. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तिचा बुळबुळीतपणा काढून घेतात. जिभेवर आंबट, थोडी धातूसारखी चव उरते. चॉकलेटही आधीपेक्षा रुक्ष लागते. हीच वाइन मटणाबरोबर मऊ लागली असती, कारण तिथे टॅनिनला मांसातली प्रथिने मिळतात, मीठ मदतीला येते आणि साखर नसते.

आंबट आणि ड्राय असलेली ब्रूट शॅम्पेनही याच कारणाने चॉकलेटशी पटत नाही. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि आम्लता भरपूर. लग्नाच्या केकसोबत ती उघडण्याची प्रथा सोहळ्याची आहे, चवीची नव्हे.

मग गोडी, फळांचा गडद स्वाद आणि कोको बटरच्या थराला भेदून जाण्याइतका मद्यार्क, हे सगळे एकत्र कुठे मिळते? याचे सर्वांत जुने उत्तर फोर्टिफाइड वाइनमध्ये आहे. द्राक्षरस आंबत असताना यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करत जाते. ही क्रिया मध्येच थांबवली तर उरलेली साखर वाइनमध्ये राहते. थांबवण्याचा उपाय म्हणजे आंबणाऱ्या रसात तीव्र स्पिरिट ओतणे; त्याने यीस्ट मरते. ही रीत शोधल्याचे श्रेय तेराव्या शतकात माँपेलियेशी संबंधित असलेले वैद्य अर्नो द व्हिलानोव्हा यांना दिले जाते. फ्रान्सच्या रूसियों प्रांतात आजही ती जशीच्या तशी चालू आहे.

याच रूसियोंमध्ये स्पेनच्या सीमेला लागून, भूमध्य समुद्रात उतरणाऱ्या डोंगरांवर बन्यूल्सचे मळे आहेत. चॉकलेटसाठी एकच वाइन निवडायची झाली तर ती बन्यूल्स. पाटीच्या दगडाची उतारावरची जमीन, दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्या, समुद्राचा वारा आणि जुन्या ग्रनाश नोआर वेलींचे तुटपुंजे उत्पन्न, असा तिचा जन्म आहे. ग्रनाश हे द्राक्ष भरपूर साखर धरते आणि त्याचे टॅनिन कॅबर्नेइतके कडक नसतात. इथे अनेकदा स्पिरिट गाळलेल्या रसात न घालता सालींसकट आंबणाऱ्या लगद्यावरच ओततात, त्यामुळे सालीतला रंग आणि स्वाद अधिक उतरतो. तयार वाइनमध्ये मद्यार्क साधारण १६ टक्के, म्हणजे पोर्टपेक्षा कमी. ‘रिमाज’ म्हणून विकली जाणारी बन्यूल्स लवकर बाटलीत भरलेली, चेरी आणि काळ्या फळांच्या ताज्या चवीची असते; पारंपरिक प्रकार पिंपांत वर्षानुवर्षे हवेच्या संपर्कात मुरवतात आणि त्यात सुके अंजीर, कॉफी, भाजलेले दाणे, थेट कोकोचा वास येऊ लागतो. जवळच्या मोरी गावात तर वाइन काचेच्या मोठ्या बरण्यांत भरून उघड्यावर ऊन-पावसात ठेवण्याची पद्धत आहे. भाजलेल्या कोकोचे आणि अशा उन्हात पिकलेल्या वाइनचे स्वाद इतके जवळ येतात की दोन्ही तोंडात असताना एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगणे कठीण जाते. शंभर प्रकारांचा सल्ला देणारे वाइनतज्ज्ञही या एका जोडीबाबत सहसा एकमत दाखवतात, आणि ते योग्यच आहे.

पोर्ट अधिक प्रसिद्ध आणि मिळायला सोपी. पोर्तुगालमधल्या डौरो नदीच्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये मार्किस पोंबाल यांच्या काळात आखली गेली. त्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांचीच पोर्ट खरी. रसातली जवळपास निम्मी साखर आंबली की त्यात ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षांचे स्पिरिट, सुमारे चार भाग रसाला एक भाग, असे मिसळतात. तयार पोर्टमध्ये १९ ते २२ टक्के मद्यार्क आणि लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. साठ मिलिलिटरच्या छोट्या ग्लासात सुमारे ६ ग्रॅम साखर आली. वर उल्लेखलेल्या तुकड्यातल्या ३ ग्रॅमसमोर ती ताठ उभी राहू शकते.

पण पोर्ट म्हटले की एकच चव डोळ्यांसमोर आणू नये. रूबी पोर्ट तरुण, लालभडक आणि फळांनी भरलेली असते. साधे डार्क चॉकलेट, चेरी किंवा रासबेरी घातलेले पदार्थ यांच्याशी तिची संगत चांगली. टॉनी पोर्ट लहान पिंपांत वर्षानुवर्षे राहून तांबूस होते; तिच्यात अक्रोड, कॅरॅमल, संत्र्याची साल येते. बाटलीवर १०, २०, ३० अशी वयाची नोंद असते. अक्रोड घातलेली ब्राउनी, कॅरॅमल भरलेले चॉकलेट, हेझलनट किंवा बदामाचे मिल्क चॉकलेट यांसोबत दहा वर्षांची टॉनी द्यावी. व्हिंटेज पोर्ट मात्र चॉकलेटवर खर्च करू नये. तिचे टॅनिन तरुणपणी कडक असतात आणि म्हातारपणी तिच्यात जो नाजूकपणा येतो तो कोकोखाली चिरडला जातो.

गोडीच्या टोकाला पेद्रो हिमेनेझ ही शेरी आहे. याच नावाची पांढरी द्राक्षे, प्रामुख्याने कोर्दोबाजवळच्या मोंतिया-मोरिलेस भागात, काढणीनंतर उघड्या उन्हात चटयांवर पसरून सुकवतात आणि सुरकुतलेल्या फळांचा दाट रस काढतात. नियमानुसार या वाइनमध्ये लिटरला किमान २१२ ग्रॅम साखर लागते; प्रत्यक्षात ती ३०० च्या वरही सहज जाते. रंग जवळपास काळा, चव मनुका, खजूर आणि काकवीची. अतिकडू, ८५ टक्क्यांच्या चॉकलेटला ही पेलते. मिल्क चॉकलेटबरोबर मात्र ती नकोशी गोड होते. चॉकलेट आइस्क्रीमवर चमचाभर पेद्रो हिमेनेझ ओतून देण्याची स्पॅनिश रीत तिचा सर्वांत चांगला उपयोग करून घेते, कारण थंडीने जीभ बधिर झाल्यावर साधी वाइन चवच देत नाही. हा दाट रस देतो.

मदेराची गोष्ट वेगळी. अटलांटिकमधल्या या बेटावरची वाइन मुद्दाम तापवली जाते: टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने, किंवा अधिक चांगल्या प्रतीची वाइन छताखालच्या उबदार माळ्यांवर पिंपांत वर्षानुवर्षे. गोड प्रकारांपैकी बोआल आणि माम्झी हे दोन चॉकलेटला योग्य. इतकी गोडी असूनही मदेरात झणझणीत आम्लता टिकून असते, त्यामुळे मीठ आणि कॅरॅमल घातलेल्या चॉकलेटनंतर तोंड जड राहत नाही. मीठ कडवटपणा दाबते हेही इथे कामी येते.

पोर्ट-शेरीपलीकडचे काही हवे असणाऱ्यांसाठी इटलीच्या वायव्येकडचा पिएमाँत प्रांत आहे. चॉकलेट आणि वाइन दोन्हींची जुनी परंपरा एकाच प्रांतात इतकी घट्ट नांदल्याची उदाहरणे थोडीच. नेपोलियनच्या व्यापारबंदीत कोको महाग झाला तेव्हा तुरीनच्या कारागिरांनी त्यात स्थानिक हेझलनटची पूड मिसळली, असे तिथली परंपरा सांगते. त्यातून जांदुया हे मऊ चॉकलेट आले, आणि १८६५ मध्ये कफारेल कंपनीने त्याची उलट्या नावेच्या आकाराची वडी बाजारात आणली. याच प्रांतात बारोलो वाइनमध्ये सिंकोनाची साल, मसाले आणि साखर घालून बारोलो किनातो तयार होते. औषधी काढा म्हणून सुरू झालेली ही वाइन आता अनेकदा चॉकलेटसोबत घेतली जाते. सिंकोनाचा कडवटपणा कोकोच्या कडवटपणाला भिडतो आणि साखर दोघांना सांभाळते. दुसऱ्या टोकाला ब्राकेत्तो दाक्वी: गोड, लाल, फसफसणारी, अगदी सौम्य मद्यार्काची, गुलाब आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची. चॉकलेट मूससारख्या हवा भरलेल्या हलक्या पदार्थाला पोर्ट दडपून टाकते. तिथे ब्राकेत्तोच हवी.

मिल्क चॉकलेट १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पीटर यांनी घडवले. त्यात कोको कमी, दूध आणि साखर जास्त. तुरटपणाचा प्रश्न जवळजवळ मिटतो आणि गोडीचा वाढतो. टॉनी पोर्ट, ऑस्ट्रेलियातल्या रदरग्लेनची मस्कॅट, बोआल मदेरा हे सारे इथे चालतात. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचा घन भाग नसतोच. असते ते कोको बटर, दूध, साखर आणि बहुधा व्हॅनिला. म्हणून इथे रेड वाइनचा हट्टच सोडावा. मोस्कातो दास्तीसारखी संत्र्याच्या फुलांच्या वासाची, पाच-सहा टक्के मद्यार्काची हलकी वाइन किंवा जर्दाळूची चव देणारी सोतेर्न, हंगेरीची तोकाय यांची आंबट-गोड धार व्हाइट चॉकलेटच्या तुपट गोडीला छेद देते. हीच सोतेर्न डार्क चॉकलेटसमोर आणली तर तिचा सगळा सुगंध वाया जातो.

वडीकडून पदार्थाकडे आले की चॉकलेटइतकेच महत्त्व त्याच्या जोडीच्या घटकांना येते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध जाखरटोर्टमध्ये, जो १८३२ मध्ये फ्रान्झ जाखर यांनी मुत्सद्दी मेटर्निख यांच्या घरी प्रथम केला असे मानतात, जर्दाळूच्या जॅमचा थर असतो. ऑस्ट्रियाच्या नॉयसीडल सरोवराकाठच्या अतिगोड व्हाइट वाइनमध्येही जर्दाळूच असतो, आणि इथे डार्क चॉकलेटबाबतचा वरचा नियम अपवादाने मोडतो. ब्लॅक फॉरेस्टमध्ये चेरी आणि चेरीचे स्पिरिट असते, म्हणून रूबी पोर्ट किंवा मोरी. आपल्याकडच्या बेकऱ्यांत मिळणारा ब्लॅक फॉरेस्ट मात्र बहुतेक वेळा गोड क्रीमचा डोंगर असतो आणि त्यात कोको नावापुरता; त्याला मोस्कातोसारखी हलकी गोड वाइन पुरे. मिशेल ब्रास यांनी १९८१ मध्ये फ्रान्समध्ये बनवलेल्या, आतून वाहत्या चॉकलेट केकचे वंशज आज लाव्हा केक म्हणून गल्लोगल्ली मिळतात. तो गरम असतो, आणि उष्णतेने मद्यार्क नाकात चढतो. अशा वेळी पोर्टपेक्षा कमी मद्यार्काची बन्यूल्स बरी, तीही थोडी थंड करून. तिरामिसूत कॉफी, कोको आणि अनेकदा मार्साला असतेच, तेव्हा ग्लासातही गोड मार्साला ठेवावी. मिरची घातलेल्या चॉकलेटपाशी जपून राहावे: मद्यार्क तिखटाची आग वाढवतो, म्हणून वाइन गोड आणि सौम्य हवी.

ड्राय रेडचा मार्ग पूर्ण बंद आहे असे नाही. मेक्सिकोतल्या मोले सॉससारख्या तिखट-खारट पदार्थांत थोडे चॉकलेट असते, पण ते जेवण आहे. तिथे ड्राय रेड चालते. भरपूर पिकलेल्या द्राक्षांची, फळांचा गोडसर भास देणारी, टॅनिन मऊ असलेली झिनफांडेल ८५ टक्क्यांच्या वर कोको असलेल्या चॉकलेटसोबत सहन होते. सहन होते, खुलत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यांतल्या बऱ्याच बाटल्या महाग पडतात किंवा मिळतच नाहीत. नाशिकच्या मळ्यांत होणाऱ्या कॅबर्ने आणि शिराझ बहुतांश ड्राय असतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात. चॉकलेटच्या कामाची आहे ती लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ. नेहमीच्या काढणीनंतर द्राक्षे काही आठवडे वेलावर ठेवली की त्यांतली साखर वाढते. सुलासह काही कंपन्या ही वाइन छोट्या बाटल्यांत विकतात. व्हाइट चॉकलेट, आंबा किंवा संत्रे घातलेले चॉकलेटचे पदार्थ यांना ती चांगली साथ देते. ७० टक्क्यांपुढे ती टिकत नाही. गोव्यात स्वस्तात मिळणाऱ्या ‘पोर्ट’चा डौरोच्या पोर्टशी नावापलीकडे संबंध नाही. तरी ती गोड आहे, आणि साध्या ब्राउनीसोबत कोणत्याही महागड्या ड्राय रेडपेक्षा ती बरी लागते.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनामागची घटकांची यादी वाचावी. ‘होममेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वड्या, थंड हवेच्या ठिकाणच्या दुकानांतल्याही, कोको बटरऐवजी वनस्पती तेलाच्या कंपाउंडपासून केलेल्या असतात. कोको बटर सुमारे ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेपेक्षा थोडे खालीच वितळते, म्हणून खरे चॉकलेट जिभेवर विरघळते. कंपाउंड तसे विरघळत नाही, टाळूला मेणासारखा थर धरते, आणि त्यावर कोणतीच वाइन चढत नाही.

चॉकलेट फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावे. थंडगार तुकडा वितळत नाही आणि स्वादही सोडत नाही. वाइनला मात्र उलट वागवावे. ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. एप्रिलमधल्या पुण्या-मुंबईच्या खोलीत रूबी पोर्ट नुसती दारूसारखी लागते. रूबी आणि बन्यूल्स १५-१६ अंशांना, टॉनी त्याहून थोडी थंड, मोस्कातो आणि ब्राकेत्तो सरळ फ्रिजमधून. ग्लास लहान, माप साठ मिलिलिटरच्या आसपास. अनेक चॉकलेटे असतील तर व्हाइटपासून सुरुवात करून कडूकडे जावे. आधी डार्क खाल्ले तर मिल्क चॉकलेटमध्ये साखरेपलीकडे काही जाणवत नाही. बाटली एका बैठकीत संपवायची गरज नाही: बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली रूबी आठवडाभर, टॉनी महिनाभर चांगली राहते, आणि आधीच हवा व उष्णता पचवलेली मदेरा उघडल्यानंतरही कित्येक महिने तशीच टिकते.